चाळीस चिलखतांची एकच पाठ

बेताला नम्रपणा शिकवायला आजवर कुणाला सवड मिळाली नव्हती. दूर समुद्रातल्या बेतियो बेटाच्या बंदरात ती उतरणाऱ्या कंटेनरच्या याद्या तपासायची, आणि तिथला साहेबसुद्धा तिच्यापुढे कागद ठेवण्याआधी तो स्वतः दोनदा वाचून घ्यायचा. कामावर जाण्याआधी, सकाळचे दोन तास, ती संगणकावरच्या एका खेळातल्या योद्ध्यांचे कपडे बदलायची.

खेळ जुना आणि परदेशी होता. वीस विरुद्ध वीस, मैदानात हाणामारी, आणि सगळे नखशिखांत लोखंडात. "आपल्याकडच्या उन्हात हे असे उभे राहिले तर अर्ध्या तासात शिजतील," असं ती तिमोनला, म्हणजे तिच्या मावसभावाला, पहिल्याच दिवशी म्हणाली होती. अशा खेळांच्या पोटात प्रत्येक चिलखताचं एक चपटं चित्र असतं. माशाचं कातडं सोलून पाटावर पसरावं तसं ते असतं; छाती इकडे, पाठ तिकडे, बाह्या कोपऱ्यात. खेळ ते चित्र उचलतो आणि योद्ध्याच्या अंगावर गुंडाळतो. चित्र बदललं की चिलखत बदललं.

दोन महिन्यांत बेताने लोखंडाचा काथ्या केला, म्हणजे तिच्या बेटांवरचे जुने योद्धे घालायचे तसलं नारळाच्या काथ्याचं चिलखत. आकार तिमोनने बदलून दिले होते, पण अंगावरचं सगळं तिचं. सुंभाची एकेक गाठ, काटेरी माशाच्या कातड्याचा टोप, तलवारीच्या दोन्ही धारांना बांधलेले शार्कचे दात. दातांचे फोटोही तिने मासळीबाजारात जाऊन स्वतः काढले होते, आणि विकणारीला सांगितलं होतं की तुझे दात आता लढाईला जाणार. त्या बाईने तिला वेड्यात काढलं.

स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात हा खेळ मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, मोठ्या पडद्यावर लावायचा होता. पण बेतियोत राहणारी ताबितेउएआ बेटाची मंडळी अशा बाबतीत महा काटेकोर. चिलखत हा आपल्या बेटाचा मान आहे, पोरांचं खेळणं नव्हे, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि अट घातली. योतेबाने पाहायचं. तो हो म्हणाला तर लावायचं, नाही म्हणाला तर सगळं पुसायचं.

"मान्य," बेता तिथल्या तिथे म्हणाली. "पुसून टाकीन."

योतेबा तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ. खरंखुरं काथ्याचं चिलखत गाठणारा त्यांच्यात तेवढा एकच उरला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसला माणूस.

"बुबुती कर की," तिमोनने सुचवलं. नातलगाने बुबुती म्हणून काही मागितलं की नाही म्हणायची सोय नसते. होडीसुद्धा द्यावी लागते. "आजोबांना हो म्हणावंच लागेल."

"मागून घेतलेला होकार काय चाटायचाय? मला काम बघून दिलेला हवा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"माझं काम बघून? हॅ."

शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन योतेबाच्या घरी गेली. म्हातारा मचाणावर मांडी घालून गाठी मारत होता. शेजारी त्याची बायको रुता मांडीवर काथ्या वळत होती.

"ये," योतेबा म्हणाला. "मासा आणलास की नुसतीच पेटी?"

"पेटीतच आहे मासा. डोक्यावर घालायचा."

"ऐकलंस का गं? हिची जीभ बघ."

"तुमच्याच घराण्याची आहे," रुता म्हणाली. "माझ्या माहेरी नसते असली."

बेताने लॅपटॉप सावलीत ठेवला आणि योद्धा समोर उभा केला. योतेबाने चष्मा चढवला, मान पुढे काढली आणि बराच वेळ पाहिलं.

"हे चिलखत आहे की तवा? चमकतंय कशाला?"

बेताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुठे काय चमकावं हे सांगणारं एक वेगळं करडं चित्र असतं. पांढरं तिथे चमक, काळं तिथे नाही. सगळीकडचं तिने बदललं होतं, पण दंडांचं जुनं लोखंडीच राहून गेलं होतं. दुसरी कुणी असती तर पन्नास सबबी सांगितल्या असत्या.

"चुकलं," ती म्हणाली. "पाच मिनिटं द्या."

पाच मिनिटांत दंड काथ्यासारखे मंद झाले. म्हातारा हुंकारला. टोपाचे काटे त्याने पाहिले, दात मोजले, पट्ट्याची गाठ बरोबर बाजूला आहे म्हणाला. बेताला ठाऊकच होतं. मनातल्या मनात तिने पडदाही बांधून टाकला.

"आता चालव त्याला."

तिने खेळ सुरू केला. या खेळात आपण योद्ध्याच्या मागून पाहतो. सबंध वेळ दिसते ती पाठच. म्हणून बेताने खरा जीव ओतला होता पाठीवर. काथ्याच्या चिलखताला पाठीमागे डोक्याच्याही वर जाणारी, काथ्याचीच घट्ट विणलेली उंच फळी असते. तिच्यावर तिने काळ्या केसांनी गाठलेली नक्षी घातली होती, चौकटीत चौकट आणि मधून पोहत जाणारे मासे. पलीकडच्या देशातल्या एका संग्रहालयात ताबितेउएआचं म्हणून एक चिलखत आहे, त्याच्या फोटोवरून ती उतरवली होती. समोर चाळीस योद्धे धावत सुटले.

योतेबाच्या हातातला सुंभ थांबला.

"सगळ्यांच्या पाठीवर हेच?"

"खेळ सगळ्यांना एकच चित्र वापरतो. दोन्हीकडच्यांना."

"दोन्हीकडच्यांना!" रुताने काथ्या खाली ठेवला. "अगं पोरी, ही फळी कशाला असते ठाऊक आहे का तुला?"

"मागून दगड लागू नये म्हणून."

"कुणाचे दगड?"

"शत्रूचे..." बेता बोलता बोलता अडखळली.

"शत्रू पुढे असतो, बाई! मागे आम्ही असायचो. बायका. टोपल्या भरून दगड घेऊन. नवऱ्यांच्या डोक्यावरून फेकायचे, आणि नेम चुकला की नवऱ्यालाच! माझी आजी सांगायची, पाठीवरची नक्षी बघून ओळखायचं आपला कोणता, आणि त्याला चुकवून मारायचं." ती पडद्याकडे बोट दाखवून हसत सुटली. "आता यातला माझा कोणता? मी दगड मारू कुणाला?"

बेतालाही हसू आलं, पण योतेबा हसत नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"ही कुठून आणलीस?"

तिने सांगितलं.

"मी सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आमच्या घरात हेच चिलखत आढ्याला टांगलेलं असायचं. बोटीवरच्या एका पाहुण्याने मागितलं, आणि आजोबांनी काढून दिलं. मागितलं की द्यायचं. पुढच्या वर्षी आजोबा गेले. ही नक्षी शिकवायची राहिली." मग तो जे बोलला ते रुतानेही कधी ऐकलं नव्हतं. "साठ वर्षं मी फळी कोरी ठेवतोय. लोक म्हणतात, योतेबाची साधी रीत. कसली रीत? मला येतच नव्हती."

रुताने त्याच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवलेला काथ्या पुन्हा मांडीवर ओढला.

"मोठी कर," तो म्हणाला.

बेताने नक्षी पडदाभर केली. योतेबाने नवा सुंभ घेतला, रुताच्या खांद्यावर गळून पडलेले चार लांब केस त्यात धरले आणि पडद्याकडे पाहत गाठी मारू लागला. ओठ हलत होते. बोटं सुरुवातीला चाचपडली, मग चालायला लागली. आता तो हो म्हणणार हे तिला दिसत होतं; हरकत घेण्यासारखं त्याच्या मनात काही उरलंच नव्हतं.

फक्त खालचा उजवा कोपरा तेवढा तिचा होता. संग्रहालयाच्या फोटोत काचेवर दिवा चमकत होता आणि तेवढा भाग दिसतच नव्हता. तिथले तीन मासे आणि एक चौकट तिने स्वतः काढली होती, अशी बेमालूम की तिलाही कधी कधी शंका यावी. गप्प बसलं तर जगात कुणालाही कळणार नव्हतं. म्हाताऱ्याचा हात त्या कोपऱ्याकडे सरकत होता.

"आजोबा, थांबा. ते जुनं नाही."

तो थांबला.

"फोटोत तो भाग दिसत नव्हता. तो मी घातलाय. मनाने." तिने लॅपटॉपवर हात ठेवला. "खोटं आहे ते. पुसायचं असेल तर पुसते, सगळंच. शब्द दिलाय."

योतेबाने त्या तीन माशांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तू कुणाच्या घरची?"

"हे काय विचारणं? तुमच्याच."

"मग खोटं कसं?" म्हातारा खेकसला. "आमच्या आजोबांनी काय आकाशातून आणली होती? कुणीतरी घरातल्यानेच मनाने घातली असेल ना. लाव तुझा पडदा. पण एकाच्याच पाठीवर. बाकीच्या एकोणचाळीस जणांची काढ, ती आपली माणसं नव्हेत. त्यांच्या पाठी त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन माग."

"एकोणचाळीस घरी?" बेता म्हणाली. "प्रत्येकाला वेगळं चित्र तिमोन खेळात जोडून देईल. लोक देतील का पण?"

"तुला कोण नाही म्हणतंय," रुता म्हणाली.

योतेबाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने सुंभ पुन्हा उचलला होता.

"जरा इकडे वळव," तो म्हणाला. "तुझा हा तिसरा मासा. शेपटीला गाठी किती?"