हेडफोन निघाला गं बाई

देवळाली प्रवराच्या घरी बसून रेश्मा पुण्यातल्या एका कंपनीसाठी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिहीत होती. हेडफोन कुणी काढला, की प्रोग्रॅमने ते ओळखून बोलून दाखवायचं. चाचणीपुरता आवाज हवा म्हणून तिने सासूबाईंना, राहीबाईंना, माइकसमोर बसवलं. त्यांनी घसा खाकरला आणि ठसक्यात म्हटलं, "हेडफोन निघाला गं बाई!"

काम दाखवायच्या दिवशी मात्र फजिती झाली. व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ बिभीषण सर. रेश्माने ऐटीत हेडफोन उपटला. "हेडफोन निघाला गं बाई!" लगेच पुन्हा तेच. मग पुन्हा, एकावर एक, जणू राहीबाईंची सगळी भावकी खोलीत शिरली होती.

खऱ्या राहीबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "अगं, मी एकदाच म्हनले हुते! लोकांना वाटंल, ही बाई लई भांडखोर हाय."

सरांना हसू आवरेना. "आधी यांना शांत करा," म्हणत त्यांनी कॉल संपवला.

रेश्मा चरफडत कोडकडे वळली. प्रोग्रॅमची खिडकी उघडली की हेडफोनवर लक्ष ठेवणारा एक लिसनर नेमला जायचा, मिटली की काढला जायचा. निदान तिला तसं वाटत होतं. लिसनर काढणाऱ्या ओळीकडून काय उत्तर येतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता ते पडद्यावर छापून पाहिलं, तर दर वेळी एरर! लिसनरने काय करायचं ते सांगणारं, नेमताना दिलेलं फंक्शन एक आणि काढताना दिलेलं दुसरंच, फक्त हुबेहूब दिसणारं. सिस्टिम त्याला ओळखत नव्हती. त्यामुळे जुने लिसनर तसेच राहायचे आणि दर उघडण्याला नव्याची भर पडायची.

"आई, हेडफोनसाठी ऐकणारे नेमले होते मी, त्यांच्यावरून सिस्टिम केव्हाची ओरडत होती. मीच ऐकलं नाही."

"व्हय गं! ऐकनारे नेमले, आन् सोता कानात बोळे?"

रेश्मा खुदकन हसली. तिने नेमलेलं फंक्शन जपून ठेवलं, काढताना तेच दिलं, आणि एरर आलीच तर पडद्यावर दिसेल अशी सोय केली. खिडकी बऱ्याचदा उघडली, मिटली. मग जीव मुठीत धरून हेडफोन काढला. राहीबाई एकदाच बोलल्या आणि गप्प झाल्या.

संध्याकाळी सरांचा निरोप आला: टीमला हाच आवाज हवाय, बदलू नका.

"मंग आवाज पुन्यांदा नीट भरू," राहीबाई म्हणाल्या. "त्या दिशी मागं कुकर शिट्ट्या मारीत हुता." आणि काठपदराची साडी काढायला त्या आत निघाल्या.

"आई, फक्त आवाज जाणार आहे!"

"जाऊ दे की. आवाजाला कळतं."