डोक्यावरचं बिऱ्हाड

गोष्ट २०२२ सालची. लातुरात, क्लासेसच्या भागात, महादेवप्पांची तीन मजली इमारत होती. सगळी भाड्यानं दिलेली. मधल्या मजल्यावर कस्तुराबाई राहत. नात सृष्टी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. तिला दोन वेळा गरम भाकरी मिळावी म्हणून त्या नायगावचं घर कुलपात ठेवून इथे आल्या होत्या.

पण दुपारी सृष्टीनं पुस्तक उघडलं, की वरच्या मजल्यावर दणके सुरू! धाड, धाड, धाड. मिरच्यांचा ठसका जिन्यातून खाली उतरायचा तो वेगळाच. कस्तुराबाई जाळ्या काढायच्या झाडूचा दांडा घेऊन छताला ठोकायच्या. दणके काही थांबायचे नाहीत.

"बघ, मुद्दाम करायलेत!"

"आज्जी, एकदा वर जाऊन सांग की."

"मी जाऊ त्यांच्या उंबऱ्याला? मग मालक कशाला हाय?"

मालकाला त्यांनी एकदा नाही, अनेकदा सांगितलं. शेवटी बजावलं, "एक तर ते राहतील, न्हाई तर आम्ही." महादेवप्पा वैतागले आणि त्यांनी वरच्या उमाशंकरला संक्रांतीच्या आत खोली सोडायला सांगितली. कस्तुराबाईंना हायसं वाटलं. वर राहणाऱ्यांची तोंडंही त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती.

अशात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या आली. त्या अमावास्येला अर्धं लातूर शेतात असतं. उदगीर रोडला महादेवप्पांचं रान होतं, तिथे वरचे सोडून सगळ्या भाडेकऱ्यांना बोलावणं होतं; कस्तुराबाई आणि सृष्टीही गेल्या. हरभरा फुलला होता. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा झाली. मडक्यात आंबील, परातीत बाजरीचे वाफवलेले उंडे, पातेल्यात मिसळ भाज्यांची भज्जी. कस्तुराबाईंना माहेरचं शेत आठवलं. त्यांचे वडील बांधावर उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे. त्या दिवशी वाटेवरचा माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, अशी रीतच!

रस्त्यानं एक माणूस मोटारसायकल ढकलत येताना दिसला. तोंडाला रुमाल, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई, तिच्या कडेवर लेकरू. कस्तुराबाई हौसेनं बांधावर गेल्या.

"ओ पाव्हणं! या, जेवून जावा! येळवस हाय आज!"

ती माणसं आली. रुमाल खाली झाला आणि सृष्टी पुटपुटली, "आज्जी, हे आपले वरचे."

कस्तुराबाईंच्या हातातला तांब्या हातातच राहिला. बोलावलेल्या माणसाला कोपीवरून परत कसं पाठवायचं?

"आम्ही जातो," उमाशंकर अवघडून म्हणाला. "उदगीरला खोली बघायला निघालो होतो. आज दुकान बंद, म्हणून सवड मिळाली. तर गाडीच पंक्चर झाली."

"बसा गुमान," महादेवप्पांच्या बायकोनं, शरणम्मांनी दरडावलं. "हाक कुणी मारली? कस्तुराक्का, वाढा आता तुम्हीच."

कस्तुराबाईंनी वाढलं. जरा वेळानं त्यांच्याच्यानं राहवेना. "दुपारी रोज काय कुटता गं एवढं?"

"येसूर, आजी. मसाला करून विकते मी. लेकरू दुपारी झोपलं की तेवढाच वेळ गावतो."

"मग मी खालून एवढं ठोकते, ते ऐकू येत न्हाई?"

उमाशंकरच्या बायकोचे, दामिनीचे डोळे मोठे झाले. "ते ठोकणं आमच्यासाठी व्हतं? अगं बया! मी ह्यांना म्हणत व्हते, खालच्या आजी बी काहीतरी कुटायल्यात!"

सृष्टी इतकी हसली की आंबील सांडली. दामिनी मग चाचरत म्हणाली, "आजी, रागावू नका. तुमच्या पहाटेच्या भजनांचा आवाज लई मोठा असतो. लेकरू दचकून उठतंय. पण तुमचं देवाचं, म्हणून बोलले न्हाई कधी."

आपल्याही घराचा आवाज वर जात असेल, हे कस्तुराबाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं!

शरणम्मा हलकेच म्हणाल्या, "कस्तुराक्का, रस्त्यानं जाणारा कुठला, कोण, काही न इचारता पान मांडता. आन् डोक्यावर नांदणाऱ्या बाईचं नाव ठाव न्हाई तुम्हाला. जिन्याच्या वीस पायऱ्या लई जड झाल्या व्हय? न बोलता तिचं बिऱ्हाड उठवायला निघालात!"

कस्तुराबाईंनी लेकराच्या हातात उंडा दिला आणि महादेवप्पांकडे वळल्या. "आप्पा, त्यांना घालवू नका. चूक माझी बी हाय."

दुसऱ्या दिवशी उखळ खाली पार्किंगमध्ये आलं. कुटायचं ते सकाळी, सृष्टी क्लासला गेल्यावर. तेवढा वेळ दामिनीचं लेकरू कस्तुराबाईंच्या मांडीवर. भजनं बंद झाली नाहीत, फक्त आवाज त्यांच्या एकटीच्या कानापुरता उरला.

सृष्टीला डॉक्टरकी मिळाली नाही. ती नांदेडला फार्मसी शिकते आहे आणि खूश आहे. उमाशंकर-दामिनी त्याच खोलीत आहेत. त्यांचा येसूर आता उदगीर-जळकोटच्या दुकानांतही मिळतो. शरणम्मा मागच्या वर्षी वारल्या. महादेवप्पा येळवशीला अजूनही सगळ्या भाडेकऱ्यांना रानात नेतात, आता एकालाही न वगळता.

कस्तुराबाई नायगावला परतल्या. शेजारी नवं बिऱ्हाड आलं, त्यांचा टीव्ही मोठ्यानं वाजू लागला. त्या येसुराची पुडी घेऊन त्यांच्या दारात गेल्या, आधी नाव विचारलं, मग टीव्हीचं बोलल्या.

बंधू-भगिनींनो, शेजारी त्रास देत असेल तर जरूर सांगावं, पण आधी त्याच्या दारात जाऊन, तोंडावर आणि मायेनं. भिंतीशी आणि छताशी भांडून घरं जोडली जात नाहीत.

जाळ्या काढायचा तो झाडू अजून आहे कस्तुराबाईंकडे. आता त्यानं त्या फक्त जाळ्या काढतात.