पापणी न लवणाऱ्याचं भिंग

मी घड्याळजीच्या डोळ्यावरचं भिंग बोलतोय. टेबलावर पडलेलो असलो की लोकांना बाटलीचं काळं बूच वाटतो. पण माझ्याशिवाय आमच्या घड्याळजींना केसाएवढी स्प्रिंग दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आधी मी त्यांच्या गुरुजींकडे होतो. गुरुजी कडक. घड्याळ उघडं असताना शिष्याची पापणी लवली की चिमट्याने बोटावर टोचायचे. पापणी लवली की स्क्रू हरवलाच, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यामागे मी शिष्याकडे आलो आणि ही शिकवणही आली. तीस वर्षं या माणसाने डोळ्यात तेल घालून काम केलं आणि पापणी न हलवण्याचा तोरा मिरवला.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा डोळा वाहायला लागला. माझ्या काचेवर सारखी वाफ धरायची. ते डोळा चोळायचे, मला पुसायचे, की पुन्हा तेच. एक गिऱ्हाईक बाई तर घरात काही वाईट घडलं असेल म्हणून धीर देऊन गेल्या. मी मात्र घाबरलो होतो, दोष माझ्यावरच येणार म्हणून.

मग एका दुपारी थेंब थेट उघड्या घड्याळात पडला. त्यांनी तो टिपला, भाग धुऊन सुकवले. संध्याकाळी लेकीला म्हणाले, "दुकान बंद करू आता. हा म्हातारा डोळा लोकांची घड्याळं बुडवेल."

लेकीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना, आणि पर्समध्ये टाकून मलाही, डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी पापण्या उलटून पाहिल्या, डोळ्यातून नाकाकडे जाणारी नळी मोकळी आहे ना ते तपासलं, खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ओलावा मोजला. मग मला लावून नेहमीसारखं बसायला सांगितलं आणि स्वतः मनगटावरचं घड्याळ बघत राहिल्या. मिनिटभरात पापणी एकदाच लवली. आमच्या घड्याळजींना वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"काका, डोळा कोरडा पडलाय तुमचा," बाई म्हणाल्या. "पापणी लवली की डोळ्यावर ओलावा पसरतो. तुम्ही ती लवूच देत नाही. मग डोळा चुरचुरतो आणि भसकन पाणी सोडतो."

त्यांनी थेंबांची बाटली लिहून दिली, तर हे म्हणतात, "पाणी येतं म्हणून आलो, आणि वर आणखी पाणीच घालायचं?" लेकीला हसू आवरेना. डोळा म्हातारा झालेला नाही आणि दोष माझाही नाही, हे कळून मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

थेंब सुरू झाले, मिटल्या पापण्यांवर कोमट कापडाचा शेक सुरू झाला, चोळणं बंद झालं. दोनेक महिन्यांत माझी काच स्वच्छ राहू लागली. दुकान चालू आहे. अवघड गेलं ते पापणी लववणं. अजूनही ते मनात गुरुजींची माफी मागूनच मला उतरवतात आणि डोळे मिटून बसतात.

तुमचाही डोळा वाहत असेल तर वयावर ढकलून मोकळे होऊ नका, एकदा दाखवून या. आणि बारीक काम करत असाल तर आम्हाला घटकाभर खाली ठेवत जा. आम्ही कुठे पळून जात नाही.