तिसरी धरून बसलीय

मी तिसरी स्लीव्ह बोलतेय, ट्रॅक्टरच्या इंजिनातली. स्लीव्ह म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या घरासाठी मी वीस वर्षं राबले, त्यांनाही मी बाहेर निघेपर्यंत ठाऊक नव्हतं. बिडाची जाड नळी, दोन्ही टोकांनी उघडी. आतून पिस्टन खालीवर होणार, बाहेरून पाणी फिरणार. म्हणजे पोटात दिवसभर कुणीतरी धडका मारतंय आणि आपण मात्र गार राहायचं, असं एकूण काम. ते मला जमलं की नाही, अजूनही नक्की सांगता येत नाही.

मला ओतलं, लेथवर कातलं, आतून घासून गुळगुळीत केलं आणि तिघींसोबत एका ब्लॉकमध्ये दाबून बसवलं. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, आम्हा चौघींचं घर. पहिली शिस्तीची, दुसरी गप्प, चौथी थोडी तेल पिणारी. आणि मी. माझ्याबद्दल कुणी काहीच म्हणत नसे, त्यामुळे आपलं काहीतरी चुकत असणार असं मला सारखं वाटे.

ट्रॅक्टर चालवायचे त्या घरचे बाबा. हात चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू? मग गुडघा गेला. त्यांनी ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये लावला, चावी कमरेला अडकवली आणि पाच वर्षं काढली नाही. आतलं पाणी काढायचं राहून गेलं. ते पाणी माझ्या आणि ब्लॉकच्या मधे बसून राहिलं, सुकलं, गंज झालं.

मग सून म्हणाली, "बाबा, मी चालवीन."

सहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन म्हणाली. बाबा हसले. "आधी पोरगी नीट धरायला शीक." पण जेवायला पाहुणे बसले होते आणि तिने हट्ट सोडला नाही, तेव्हा सगळ्यांदेखत बोलून गेले, "इंजिन खोल. चारही स्लीव्हा निघाल्या आणि ब्लॉक शाबूत राहिला, तर चावी तुझी. नाहीतर ट्रॅक्टर भंगारात, आणि हा विषय बंद."

इतका गंजलेला ब्लॉक शाबूत राहणार नाही, याची त्यांना खात्री होती.

मिस्त्री आला. पुलर, म्हणजे स्लीव्ह ओढून काढायचं हत्यार, लावताच पहिली निघाली. दुसरी दोन ठोक्यांत. चौथी कुरकुरत का होईना, पण आली. दर खेपेला सून टाळी वाजवायची आणि बाबांचा हात कमरेला जायचा.

मी निघेना.

"तिसरी धरून बसलीय," मिस्त्री म्हणाला. त्यांच्या धंद्यात गंजाने जाम झालं की तसं म्हणतात. मला आधी कौतुकच वाटलं. आपण घराला धरून आहोत, असा मी त्याचा अर्थ लावला. एवढी मी शहाणी.

डिझेल ओतून दोन दिवस भिजत ठेवलं. पुलरचा बोल्ट तुटला. खालून लाकडाचा ठोकळा लावून घण घातला, तेव्हा माझी कड चेपली.

"ताई, ही म्हणजे आमच्या हिची मावशी," मिस्त्री घाम पुसत म्हणाला. "एकदा आली की निघायचं नाव नाही."

"अहो दादा, काहीतरी करा ना. हिच्यावरच सगळं अडलंय."

"आतून वेल्डिंगच्या चार रेघा ओढतो. तापेल, मग गार होताना आक्रसेल आणि आपोआप सुटेल. पण गार व्हायचं ते हवेने. ब्लॉकही तापलेला असणार. पाणी पडलं की तडकला म्हणून समजा."

त्याने माझ्या आतल्या भिंतीवर पेटत्या रेघा ओढल्या. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. मग मागून आणलेलं वेल्डिंगचं मशीन परत द्यायला गेला. जाताना म्हणाला, "अर्धा तास. इथून हलू नका."

ती स्टुलावर बसली, माझ्याकडे बघत. दहा मिनिटं झाली. घरात मुलगी रडायला लागली. आधी साधी, मग श्वास कोंडल्यासारखी. सून उठली, बसली, पुन्हा उठली.

"बाबा, जरा बघाल? कुणी हात लावायला नको."

"जा. मी आहे ना."

ती गेली. बाबांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग नळाखालची बादली उचलली.

वाफ अंगावर आली. आवाज एवढासा झाला, कुणी नख मोडावं तसा. ब्लॉक वरपासून खालपर्यंत चिरला. आणि मी, इतके दिवस घणालाही न जुमानणारी, त्याच क्षणी सुटले.

मिस्त्री आला तेव्हा जमीन अजून ओली होती. "पाणी कुणी टाकलं?"

"तिला विचार," बाबा म्हणाले. "तिला बसायला सांगितलं होतंस ना? उठून गेली."

ती मुलीला घेऊन दारात उभी होती. पांढरीफटक. "माझे हात ओले होते, दादा. हिची दुधाची बाटली धुतली होती. आले तेव्हा थेंब पडले असतील का?"

"थेंबांनी कुठे ब्लॉक फुटतो, ताई?" एवढं म्हणून मिस्त्रीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्री हत्यारं गोळा करायला लागला.

ट्रॅक्टर भंगारात गेला. माझ्या तिघीही गेल्या. मला बाबांनी ठेवून घेतलं. त्यांची काठी माझ्यात उभी राहते. पाहुणे विचारतात, हे काय नवीन? तेव्हा सूनच सांगते, चहा देता देता, "माझ्या हातून ब्लॉक गेला. पाच मिनिटं धीर निघाला नाही मला." बाबा म्हणतात, "जाऊ दे गं," आणि बशीत चहा ओततात. सगळ्यांना ते फार मोठ्या मनाचे वाटतात.

हल्ली मुलगी रडली तरी ती आधी हातातलं काम बघते, मग बाबांकडे बघते, मग उठते.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर चहा घ्या, माझ्याकडे बघूही नका. ती कप न्यायला आत गेली की मागोमाग जा आणि हळूच सांगा, "बाई, तू लेकरासाठी उठलीस. बादली दुसऱ्याच्या हातात होती."