नऊ नंबरची गोटी

"पिंजऱ्यात पंधरा गोट्या असायला हव्यात, बाई. आहेत चौदा. मोजून बघा."

एलादिओ बुस्तोसने हे वाक्य इतक्या शांतपणे उच्चारले, की हजेरीपटावर सही करणाऱ्या ओन्तिवेरोबाईंचे पेन क्षणभर थांबून पुन्हा चालू लागले. तोंडी परीक्षेच्या टेबलाशी माणूस येतो तो गोटी काढायला, बोलायला नव्हे. तारेच्या पिंजऱ्याची मूठ फिरवायची, दोन लाकडी गोट्या बाहेर पडू द्यायच्या, त्यांच्यावर ज्या प्रकरणांचे आकडे असतील त्यांतले एक निवडायचे आणि फळ्याकडे जायचे. ही आमच्या विद्यापीठाची जुनी रीत आहे. यंत्रांना निर्णय घ्यायला शिकवणारा आमचा विभाग. पण विद्यार्थ्याने कशावर बोलावे हे मात्र अजूनही तो पिंजराच ठरवतो.

"चौदा कशा असतील?" बाईंनी मान वर न करता विचारले.

"पंधरावी माझ्याकडे होती म्हणून."

त्याने शर्टाच्या खिशाची चेन उघडली आणि हस्तिदंतासारखी पिवळट झालेली एक गोटी टेबलावर ठेवली. ती घरंगळू लागली, तेव्हा बोट लावून थांबवली. आकडा वर आला: नऊ.

डिसेंबरातली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. कोर्दोबातल्या दुपारी या वेळी झोपलेल्या असतात. जागे होते ते आम्ही तिघे परीक्षक आणि बाहेर ताटकळणारे आठ-दहा विद्यार्थी. मंडळाच्या अध्यक्ष ओन्तिवेरोबाई. त्यांच्या उजवीकडे डॉक्टर फारियास, दोन वर्षांपूर्वी जर्मनीहून परतलेला, हुशार आणि अधीर. डावीकडे मी, वियाल्बा. तिघांच्या सह्या असल्याखेरीज परीक्षा ग्राह्य धरली जात नाही. या नियमाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एलादिओ आणि मी एकाच वर्षी इथे दाखल झालो. मी वेळेत इंजिनियर झालो आणि इथेच शिकवू लागलो. तो मोटारींच्या कारखान्यात लागला. तिथे पत्र्याला वेल्डिंगचे टाके घालणारे रोबोटचे हात तेवीस आहेत, आणि त्यांतला एखादा अडला की ज्याला हाक मारतात तो एलादिओ. पाळी सांभाळून वर्षाला एक, फार तर दोन विषय देत तो इथवर आला होता. अठ्ठावीस विषय सुटले होते, राहिला होता तो एक. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. आज नापास झाला असता, तर त्याला नव्या अभ्यासक्रमात ढकलले असते आणि अकरा विषय पुन्हा द्यावे लागले असते. सत्तेचाळीसाव्या वर्षी ते कोणी देत नाही.

"बावीस वर्षं नऊ नंबर कधी निघालाच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, योगायोग."

"पोरं तर ते प्रकरण उघडूनही बघत नाहीत!" फारियास उसळला. "'नऊ येत नाही' असं वरच्या वर्गातली खालच्यांना सांगतात. म्हणजे ही चोरी झाली होती! आणि आज का परत देताय? गुपचूप टाकायची होतीत आत."

"डॉक्टर, घेतली होती गुपचूप. परतही गुपचूप ठेवली, तर ती दुसरी चोरी झाली."

बाईंनी चष्मा काढला. "याची तक्रार डीनकडे जाऊ शकते, बुस्तोस. मग आजची परीक्षा विसरायची."

"माहीत आहे, बाई."

"कोणी घेतली होती?"

"माझ्या खिशात होती. म्हणजे मीच म्हणायचं."

आता सांगायलाच हवे. गोटी मी घेतली होती.

त्या वर्षी माझे नववे प्रकरण झाले नव्हते. परीक्षेच्या आदल्या सकाळी पिंजरा ठेवायचे ते सहायकाचे कपाट उघडे दिसले. मी पिंजऱ्यातून नऊ काढली आणि एलादिओच्या हातावर ठेवली, कारण त्याच्या जाकिटाला चेनचा खिसा होता. म्हणालो, "उद्या परीक्षा झाली की परत टाकू." दुसऱ्या दिवशी मी आत गेलो, आठ गुण घेऊन बाहेर आलो. माझ्यामागे रांगेत एलादिओचा नंबर होता. तो रांगेत नव्हता. संध्याकाळी भेटला तेव्हा म्हणाला, "अरे काड्या, नऊ निघणार नाही हे ठाऊक असताना मी मूठ कशी फिरवू? नाटक झालं ते." त्यानंतर कपाटाला कुलूप लागले, त्याला नोकरी लागली आणि आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. त्याने हा एक पेपर शेवटासाठी का राखून ठेवला होता, ते मला त्या टेबलाशी कळले.

बाईंनी त्याचे प्रगतिपत्रक पुढे ओढले आणि बोट खाली खाली नेले. "बावीस वर्षांपूर्वी नाव नोंदवलंस. पुढे 'गैरहजर'." त्या थांबल्या. "गोटी चोरायची आणि परीक्षेला बसायचंच नाही. अजब चोर आहेस."

एलादिओने माझ्याकडे पाहिले नाही, आणि बाईंनीही पाहिले नाही. मी समोरच्या कागदावर एक चौकोन काढला, त्याच्या आत दुसरा काढला.

"तक्रारीचं मी नंतर बघेन," बाई म्हणाल्या. "गोट्या मोजायचं काम माझं होतं, ते मी बावीस वर्षं केलं नाही, तेव्हा आधी माझ्याविरुद्ध लिहावी लागेल. टाक ती आत. फिरव."

एलादिओने मूठ फिरवली. निघाल्या तीन आणि बारा. त्याने बारा घेतली आणि रोबोटच्या चिमट्याची पकड किती घट्ट असावी यावर वीस मिनिटे चांगले बोलला. पण गोटीवरचे संपल्यावर परीक्षक कुठलेही विचारू शकतो, आणि फारियास त्याचीच वाट पाहत होता.

"नऊ नंबर बावीस वर्षं सांभाळलात. आता त्यात काय आहे ते सांगा."

बाहेरच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी दाराशी खुदकन हसले.

"हात कुठे अडतो, ते आहे," एलादिओ म्हणाला. त्याने स्वतःचा उजवा हात समोर ताठ केला. "हात असा पूर्ण लांब झाला की टोकाला आणखी पुढे जाता येत नाही. आणि मागे घेताना टोक एकाच वेगाने यायला हवं असेल, तर पहिल्या क्षणाला कोपराला अफाट वेग लागतो. आमचा सात नंबरचा रोबोट दाराच्या खांबाला शेवटचा टाका घालताना असाच झटका द्यायचा. सगळे म्हणायचे मोटर गेली. दोन मोटरी बदलल्या."

"मग?"

"मोटर धडधाकट होती. हात फार लांब पडत होता. रोबोटचा पाया अकरा सेंटिमीटर पुढे सरकवला. झटका गेला."

"हे मेकॅनिक सांगतो," फारियास म्हणाला. "इंजिनियर फळ्यावर सांगतो."

एलादिओ फळ्याकडे वळला. सावकाश लिहीत गेला. दोन हाडांच्या लांब्या, दोन कोन, वेगांचे मॅट्रिक्स, त्याचा निश्चयक. शेवटच्या ओळीत दोन्ही लांब्यांच्या गुणाकारापुढे त्याने कोपराच्या कोनाची 'कोसाइन' लिहिली. तिथे 'साइन' हवी होती. फारियासने लाल पेन उचलले.

मी खाकरलो असतो तर ते एलादिओला कळले असते. मी खाकरलो नाही. बावीस वर्षांत त्याच्यासाठी केलेली ही एकच गोष्ट मला निःशंकपणे बरोबर वाटते.

तो खडू खाली ठेवणार होता. पण त्याने आधी एकदा ओळीकडे पाहिले, मग हात पुन्हा ताठ केला, कोपरात वाकवला, पुन्हा ताठ केला.

"थांबा," तो स्वतःशीच बोलला. "ताठ हाताला कोन शून्य. शून्याची कोसाइन एक. म्हणजे हा निश्चयक म्हणतो की ताठ असताना हात सगळ्यात चांगला चालतो. सात नंबर तसं म्हणत नाही." त्याने तळहाताने शब्द पुसला, वरच्या तीन ओळी पुन्हा तपासल्या, चूक शोधली आणि 'साइन' लिहिली. "आता शून्य येतं. आता बरोबर."

फारियासने पेन ठेवले. म्हणाला, "तो पाया पुढे सरकवलेला बघायला येऊ का एकदा?"

"या की. हेल्मेट मी देतो."

दहापैकी सात गुण पडले. चारला उत्तीर्ण होतात.

बाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली आणि मी त्याच्यामागे बाहेर गेलो. दाराशी क्षणभर आम्ही दोघेच होतो.

"एलादिओ, मी बोलायला हवं होतं."

"वेडा आहेस का रे, काड्या? तू बोलला असतास तर तुला मंडळातून उठावं लागलं असतं. राहिले असते दोघं. परीक्षा रद्द, मी घरी." त्याने माझ्या पोटावर थाप मारली. "काड्या कसला, कणगी झालीय तुझी!"

त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. दोष एवढाच, की तो मला सुचला नव्हता. मी गप्प राहिलो तेव्हा माझ्या मनात नियम नव्हता, भीती होती. कारण नंतर मिळाले, तेही त्याच्याकडून.

पायऱ्यांखाली त्याची बायको नेलिदा आणि कारखान्यातले सहाजण उभे होते. शेवटचा विषय सुटला की अंगावर अंडी आणि पीठ, ही आमच्याकडची रीत.

"ए इंजिनियर!" टकल्या मोज्यानो ओरडला. अठरा वर्षे तो याला याच नावाने चिडवत आला होता. "आता खरा झालास, आता सोडतो का बघ!" पहिले अंडे त्यानेच फोडले. नेलिदाने पिठाची अख्खी पिशवी नवऱ्याच्या डोक्यावर उलटी केली आणि मग त्याच पिठात तोंड खुपसून रडली. एलादिओ मधोमध, पांढराफटक, दोन्ही हात फाकवून उभा होता. हात कोपरात किंचित वाकलेले. मग सर्वांनी त्याला उघड्या ट्रकमध्ये चढवले आणि भोंगे वाजवत नेले.

या रीतीचा उत्तरार्ध कारखान्यातल्यांना ठाऊक नसावा. पायऱ्या सोबतचे विद्यार्थी धुतात. शिपाई सिक्स्तो बादली घेऊन आले, कारण उन्हात बलक वाळला की दगड सोडत नाही.

"कोणाच्या वर्गातला होता हो हा?" त्यांनी कुरकुरत विचारले. "एक तरी थांबायचा!"

"माझ्या," मी म्हणालो आणि त्यांच्या हातून झाडू घेतला.

"अहो इंजिनियर, कोट तरी काढा!"

दोन पायऱ्या झाल्या होत्या, तेवढ्यात फारियास दारात आला. तो जरा गोंधळलेला होता.

"पुढच्या मुलीच्या दोन गोट्यांत एक नऊ निघालीय, आणि दुसरीवरचंही तिला येत नाही. ती म्हणते, अन्याय आहे. तयारीला पाच मिनिटं दिलीयत." तो घुटमळला. "ते प्रकरण मी शिकवतो खरं तर. पण बाई म्हणतात, प्रश्न वियाल्बांनी विचारायचे. ते त्यांच्याकडे राहिलंय म्हणतात. काय राहिलंय?"

नववे प्रकरण कोणाचे राहिले होते, ते बाईंना कळले होते. तिसऱ्या पायरीवर पिठाचा एक ओघळ अजून ओला होता. मी बादलीतले उरलेले पाणी त्यावर ओतले. हात पुसायला काही नव्हते. तसाच आत गेलो.