फरक शून्य

आमचा मोजणी विभाग गेल्या सोमवारी बंद झाला. दाराला कुलूप लागलं, किल्ली जमा झाली. आता हे झालंच नाही असं धरून चाला, कारण कार्यालयाचंही म्हणणं तेच आहे. त्यांच्या कागदांत ती खोली पहिल्यापासून भांडारगृहच आहे. मावशी तिथे एकोणीस वर्षं बसली, ती बहुधा पाय मोकळे करायला.

तर, विभाग व्यवस्थित चालू आहे. माणसं दोन. एक मावशी, म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. ती मातीतले जीव मोजते. दुसरा मी, वायरमन. संस्थेच्या मागे जमिनीचे खोलीएवढे दोन तुकडे आखलेत. एकाखाली तारा पुरलेल्या आहेत. पुढे कधीतरी जग तापेल तेव्हा माती जितकी गरम होईल, तितका तो तुकडा आजच तापवून ठेवायचा. किती अंश, ते एकोणीस वर्षांपूर्वीच ठरलंय. दुसऱ्याला कुणी बोटही लावायचं नाही. त्याला म्हणायचं ‘साधा’. दोघांतले जीव मोजायचे, फरक काढायचा, की पुढे काय होणार ते कळलं. जग तापायला भरपूर अवकाश आहे, असं तेव्हा सगळ्यांचं ठाम मत होतं.

मोजणीची रीत अशी. दोन्हीकडची डबाभर माती आणून एकेका नरसाळ्यातल्या जाळीवर ठेवायची. वर बल्ब, खाली स्पिरिटची बाटली. बल्बने माती वरून वाळत जाते. आतले जीव खाली ओलावा असेल या आशेने खाली सरकतात आणि टुपकन बाटलीत पडतात. संस्थेतलं आशेवर चालणारं हे एकच यंत्र. मग मावशी ते भिंगाखाली एकेक करून मोजते. शेपटीच्या चिमट्याने टुणकन उडणारे, ते तिचे उडाणटप्पू. पाठीवर कवच घेऊन रांगणारे कोळ्यासारखे गोल जीव, ते रणगाडे. राईच्या दाण्याहून बारीक. पण झाडाची गळलेली पानं कुरतडून त्यांची माती करणारे हेच.

पहिल्या वर्षी साध्या तुकड्याच्या एका डब्यात एक हजार नऊशे बारा निघाले होते. गेल्या महिन्यात निघाले एक्केचाळीस. गरममधून अडतीस.

“मावशी, नीट बघ. एखादा कोपऱ्यात लपला असेल.”

“मेलेला कुठे लपतो रे गाढवा?”

त्यात नवल नव्हतं. गेले तीन उन्हाळे साधा तुकडा आपला आपणच त्या ठरलेल्या अंशांवर जाऊन बसतो. माझा खटका तेव्हा बंदच असतो. जे काम मी पगार घेऊन करत होतो ते सूर्य फुकटात करतोय, आणि त्याच्यावर कुणी हजेरीची सक्तीही करत नाही. साध्या तुकड्यावर तीन वर्षांपूर्वीची पानं अजून अख्खी पडलीत. खायला कुणी उरलंच नाही.

तेवढ्यात मुख्यालयाचे तपासनीस आले. यांना आम्ही टक्केसाहेब म्हणतो. कुणी “बरा आहे” म्हटलं, तरी ते “किती टक्के?” विचारतात. त्यांनी वही उघडली आणि चेहरा खुलला.

“साधा एक्केचाळीस, गरम अडतीस. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच! म्हणजे उष्णतेचा परिणाम होत नाही. छान.”

“अहो साहेब, दोन्हीकडचे मेलेत,” मावशी म्हणाली.

“सारखेच मेलेत ना? मग फरक कुठाय?”

“आधीचे आकडे बघा की. एकोणीसशे बारा.”

“तीच तर अडचण आहे ताई. ते आकडे निष्कर्षात बसत नाहीत.” त्यांनी मान हलवली. “डोळे तपासलेत?”

डोळे तपासले. मावशीने तक्त्याची शेवटची ओळ वाचली, मग त्याखाली बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचला. डॉक्टरांना तिथे पत्ता असल्याचं पहिल्यांदाच कळलं.

मग साध्या तुकड्याला साधा ठेवण्यासाठी त्यावर कूलर लावावा, असा प्रस्ताव आला. नैसर्गिक स्थिती यंत्राने टिकवायची. कूलर मंजूर झाला आणि टक्केसाहेबांच्या खोलीत लागला. तिथली स्थिती जास्त नाजूक होती.

शेवटी एक कागद आला. त्यावर टाइप केलं होतं: ‘सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून चुकून जास्त जीव मोजले गेले.’ खाली सहीची जागा. टक्केसाहेब गोड आवाजात म्हणाले, “ही चूक सुधारली, की सगळं जुळतं. प्रकल्पाला पाच वर्षं वाढ. ताई, तुम्ही इथेच निवृत्त व्हाल. नाहीतर आकडे संशयास्पद, सगळ्या वह्या बाद. विभाग चालू ठेवायला कारण राहत नाही.”

दुपारी डबा खाताना मी मावशीच्या मागे लागलो.

“कर ना सही. ते उडाणटप्पू काय तक्रार करणार आहेत?”

“नाही करणार.”

“मग? पाच वर्षं आहेत, मावशी. तुझी आणि माझीही.”

“तुला तारा कुठेही जोडता येतील.”

“आणि तू कुठे मोजशील?”

तिने शेवटचा घास संपवला. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, “तो एकोणीसशे बाराचा डबा मोजायला मला अडीच दिवस लागले होते. एकेकाला सुईने बाजूला सारून. मोजायचे म्हणून मीच मारले रे ते सगळे. आता वर लिहून देऊ, की ते नव्हतेच?”

यावर मला एक विनोद सुचला होता. केला नाही.

मावशीने सही केली नाही. टक्केसाहेबांनी वह्यांवर लाल शाईत ‘बाद’ लिहिलं. एकोणीस वह्या, एकोणीस वेळा. अठराव्या वहीपाशी पेन संपलं, तर मावशीनेच आपलं काढून दिलं. अहवाल गेला: फरक शून्य, परिणाम शून्य, जमिनीची प्रकृती उत्तम. संस्थेचं अभिनंदन झालं.

मावशी म्हणाली, “अर्ज लिही. तुझी सरकारी भाषा चांगली आहे, मला मधेच राग येतो.” ती बोलली, मी लिहिलं. दोन प्रती काढल्या. पोच मिळाली, कारण पोच द्यायला काही वाचावं लागत नाही. अर्ज असा:

“उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तुलनेसाठी राखलेला साधा तुकडा आता साधा राहिलेला नाही. सबब दोन्ही तुकड्यांतील फरक काढणे शक्य नाही, आणि फरक नाही असे म्हणणेही शक्य नाही. तरी, जिला अद्याप काहीही झालेले नाही अशी एक चौरस मीटर जमीन, आतील जिवांसह, या विभागास तातडीने उपलब्ध करून द्यावी, व ती मिळेपर्यंत निष्कर्षाचा रकाना कोरा ठेवावा, ही नम्र विनंती.”