बायजाच्या गल्लीतला शुक्रवार

पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. चोवीस वर्षांचा नेम. वागळे इस्टेटमागच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक आहे.

गल्ली म्हणजे बायजाचीच. बंद कारखान्याच्या पत्र्याच्या खोल्यांत पहिली तृतीयपंथी राहायला आली ती हीच. लोकांनी दोनदा तिचं सामान गटारात फेकलं, एकदा खोली जाळली. ती परत आली. मग घरच्यांनी हाकललेल्या बाकीच्या आल्या. सहा महिन्यांपूर्वी डोंबिवलीहून वल्लरी आली, ती बायजाच्याच खोलीत राहते. आता दर शुक्रवारी बायका बायजाची ओटी भरायला येतात. घर विचारतात, मी बोटाने दाखवते.

त्या शुक्रवारी मी दारात चंदन उगाळत बसले होते. तिघे तरुण आले. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याकडे लांबट पिशवी.

"मावशी, बायजाआईची ओटी भरायचीय. घर कुठलं?"

मी बोट केलं.

ओटी पुरुष भरत नाहीत, हे त्यांची पाठ वळल्यावर सुचलं.

तोवर बायजाने दार उघडलं होतं. नारळ तिच्या कपाळावरच फुटला. पिशवीतून सळया निघाल्या. नारळवाला वल्लरीचा भाऊ, दिपेश. त्याने आतून वल्लरीला केसांना धरून बाहेर ओढलं.

"चल घरी, अपूर्व! साडी नेसून बापाचं नाव बुडवतोस?"

"दादा, मी वल्लरी आहे रे."

त्याने तिच्या तोंडावर गुडघा मारला. दात तुटून मातीत पडला. नाक्यावर त्यांची रिक्षा चालूच होती.

"मेल्या, आई म्हणत आलास ना माझ्या दारात!" बायजा रक्त पुसत त्याच्या पायाला लटकली. तिच्या पाठीत सळी बसली, पुन्हा बसली. तिचे हात सुटले.

मी सहाण उचलली आणि धावले. "सोड तिला!" माझाच आवाज मला परका वाटला. दिपेशच्या कोपरावर मी सहाण घातली. सोडेना, म्हणून पुन्हा घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तोवर सगळी गल्ली लाटणी, विळ्या घेऊन बाहेर पडली होती. बाकीचे दोघे पळाले. दिपेशला बायकांनी इतकं तुडवलं की शेवटी वल्लरीच ओरडली, "मरेल तो!"

पोलिसांनी विचारलं, "हात कुणी मोडला?"

बायकांनी लाटणी पदराआड केली.

"मी," मी म्हणाले. "आणि घरही मीच दाखवलं."

बायजाचं डोकं वल्लरीच्या मांडीवर होतं. श्वास चालू होता. मी शेजारी टेकायला गेले, तशी वल्लरीने तोंडावरचा रक्ताळलेला पदर काढला.

"हात मोडलात ते बरं केलंत, मावशी. पण आज माझ्याजवळ बसू नका."